स्वच्छ नमुना

लिफ्टच्या आरशात आईचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा खाली होता. जरासा म्हणजे किती, तर भिंतीवरची तसबीर कुणी पुसून परत लावावी आणि ती किंचित तिरकी राहावी, तेवढा. पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ती त्या तिरकेपणाकडे बघत राहिली. मुंगी, तिची बालवाडीतली लेक, आजीचं बोट धरून उभी होती आणि आरशाला जीभ लावावी की नाही याचा विचार करत होती. आई समोर बघत होती, तोंड किंचित उघडं. चार वर्षं आई तोंडानंच श्वास घेत होती आणि त्याची घरात एवढी सवय झाली होती, की आईचं तोंड मिटलेलं दिसलं तरच कुणीतरी विचारी, "काय झालं?" समोरासमोर आईचा चेहरा सरळ दिसायचा. रोजचा चेहरा माणसाचे डोळे परस्पर सरळ करून घेत असावेत. आरशात तो उलटा झाला होता, आणि उलटा झाल्याबरोबर परका. "आई, जरा इकडे बघ गं." "काय?" "काही नाही. नुसतं बघ." आईनं बघितलं, आणि बघता बघता सवयीनं नाकाखाली बोट फिरवलं. "काही लागलंय का?" मुंगीनं मान वर केली आणि जाहीर केलं, "आजीचा डोळा पडतोय." "पडू दे," आई म्हणाली, "पडला की तू उचल आणि मला आणून दे. तुझ्या त्या चेंडूसारखा सोफ्याखाली घालवू नकोस." मुंगी खिदळली. दार उघडलं.

त्या दोघींना बालवाडीच्या रस्त्याला लावून ती बसमध्ये बसली आणि समोरच्यांचे डोळे बघू लागली. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नव्हता. एका बाईची एक भुवई कायम नवल करत होती. एका म्हाताऱ्याचा एक डोळा झोपलेला आणि दुसरा राखणीला बसलेला. माणसं अशीच असतात, हे समाधान तीन थांबे पुरलं. चौथ्या थांब्यावर तिला आठवलं, की आठ दिवसांपासून आई वाचताना मान वाकडी करते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं नवरा म्हणाला होता. नवरा कुठल्याही गोष्टीला पटकन एक नाव देतो आणि मोकळा होतो. आईच्या नाकाला तर इतकी नावं देऊन झाली होती. आधी सर्दी. मग हवा बदलल्याची सर्दी. मग जुनाट सर्दी, ॲलर्जी, अक्कलदाढ, मन. 'मन' हे एका तरुण डॉक्टरनं सुचवलं तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "नाकात आहे होय माझं मन? बरं झालं सांगितलंत, मी सगळं घर पालथं घातलं." शेवटी नाकात मांस वाढलंय असं निघालं. ते काढलं. दीड वर्षात पुन्हा वाढलं, आणि पाच आठवड्यांपूर्वी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते दुसऱ्यांदा काढलं. रिपोर्ट आला: जुनी सूज; बुरशी आढळली नाही. मग जंतूंवरच्या गोळ्यांचा तिसरा कोर्स सुरू झाला. आई त्या गोळ्या पाकिटावर वार लिहून घ्यायची आणि एकही चुकवायची नाही. तिचं कशातच काही चुकायचं नाही. म्हणूनच बहुधा तिची कुणी फार काळजी करत बसत नसे.

आई अठ्ठावीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात होती. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, जमिनीचे नकाशे, निकालात निघालेली आणि न निघालेली प्रकरणं. लांबलचक खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एकच खिडकी आणि तीही अशा जागी, की तिच्यातून उजेड येण्याऐवजी आतला जाईलसा वाटे. लहानपणी शाळा सुटल्यावर ती तिथे जाऊन बसायची. आई गठ्ठा सोडायची, तोंडाशी न्यायची, डोळे मिटून एकदा हुंगायची आणि दोन ढीग करायची. "कागद नासायला लागला की आधी नाकाला कळतं," आई सांगायची, "डोळ्याला कळेपर्यंत अर्धा गेलेला असतो." कचेरीत आईला 'मांजर' म्हणत. आईला त्याचा राग नव्हता, उलट बदलीवर आलेल्या नव्या साहेबाला ती स्वतःच सांगे. तेच नाक आता मेलं होतं. दूध करपलं तरी आई शेजारी निवांत भाजी चिरत असते. धूर दिसला की उठते. एकदा तिनं मुंगीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं, आणि मग काही वेळ तशीच बसली. नंतर म्हणाली, "हिचा वास कसा आहे गं? तुझ्यासारखाच का?" वास कसा आहे हे सांगता येत नाही. तिनं म्हटलं होतं, "दुधासारखा." आई म्हणाली होती, "तसा तर सगळ्याच पोरांचा असतो."

तिचं स्वतःचं काम हॉस्पिटलच्या तळघरात होतं. तिथे पेशंट येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. वरच्या मजल्यांवर कापून काढलेलं काहीही, बोटाएवढं किंवा तांदळाएवढं, फॉर्मलिनच्या बरणीत घालून, बरणीवर नाव लावून खाली पाठवतात. ती ते बाहेर काढते, मोजते, वर्णन लिहिते. मग ते रात्रभर यंत्रात सुकतं, सकाळी मेणाच्या वडीत बसतं, आणि त्या वडीचे ती इतके पातळ काप काढते, की ते कोमट पाण्यावर तरंगताना फुंकरीनं पळतात. ते काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचे. मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि रोगाचं नाव सांगतात. तिला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत, कारण कुठला तुकडा कुठल्या भांड्यात किती मिनिटं बुडवायचा हे ते भिंतीकडे न बघता सांगत. काकांचा पहिला धडा नाकाच्या नमुन्यावरच झाला होता. नाकातून काढलेल्या मांसाबरोबर चिकट काहीबाही येतंच. ते मेणात नीट बसत नाही, पात्याखाली चुरतं, काचेवरून निसटतं आणि सगळ्या कापाचा विचका करतं. "शेंबूड कापायचा नसतो, पोरी," काका म्हणाले होते, "मांस कापायचं. शेंबूड पुसायचा. एवढं तर तुझ्या आईनंही शिकवलं असेल." सगळे हसले होते. तीही.

त्या दिवशी सकाळी आलेल्या बरण्यांत एक नाकाचीच होती, कुणा तरुण माणसाची. तिनं चिमट्यानं पहिला तुकडा उचलला, मऊ कुंचल्यानं त्यावरचं पिवळं जाळं बाजूला केलं, आणि कुंचला हवेत तसाच राहिला. लिफ्टमधला डोळा तिला इथे, या पांढऱ्या टेबलावर पुन्हा दिसला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, जी इतके दिवस कुठे बसली होती कोण जाणे. मुंगी चार महिन्यांची असताना ती कामावर परतली होती. तेव्हा एका दुपारी मॅडम शिकाऊ डॉक्टरांना एक काच दाखवत होत्या. ती दाराशी उभी होती, छाती दुधानं दगड झालेली, घड्याळाकडे लक्ष. मॅडमचं बोलणं कानांवरून जात होतं. मॅडम म्हणत होत्या, "मांसात शोधाल तर जन्मभर सापडायची नाही. ही बुरशी मांसात शिरतच नाही. ती या चिखलात बसते, दोन-चार धागे, आणि शरीर तिच्यावर चिडून चिडून आणखी चिखल करतं. हाडाच्या पोकळ्या त्यानं भरत जातात. जागा संपली की पातळ हाड वाकतं आणि डोळ्याला धक्का बसतो. तेव्हा घाण बघा. घाण फेकलीत तर निदान फेकलंत." एका मुलानं विचारलं होतं, "पण मॅडम, घाण कोण पाठवतं?" आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "तेच तर."

तिनं कुंचला खाली ठेवला. आईचा नमुना तिच्याच हातून गेला होता. काका म्हणाले होते, "मी करतो, तू राहू दे. आपल्या माणसाचं आपण करू नये." तिनं ऐकलं नव्हतं. आईचं कुणी परक्यानं हाताळावं हे तिला नको होतं, एवढंच तेव्हा तिला वाटलं होतं. आता ते सगळं तिला लांबून, दुसऱ्या कुणाचं असावं तसं दिसत होतं: टेबलावरच्या दिव्याचा उजेड, बरणीवर आईचं नाव (दवाखान्यातल्या कुणाच्या तरी अक्षरात, एक काना जास्त), आणि आत तपकिरी-हिरवट चिखलात बुडालेले मांसाचे तुकडे. चिखल ओल्या शाडूसारखा घट्ट होता. बरणी उघडल्यावर तिला पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतं, दया नव्हती, लाज होती. आई, जी उशांचे अभ्रे दर तीन दिवसांनी बदलते, जिच्या रुमालांच्या घड्या इस्त्रीवाल्यालाही जमत नाहीत, तिच्या आत हे. आणि हे थोड्या वेळानं मॅडम बघणार. इतर नमुन्यांच्या वाट्याला कुंचल्याचे दोन फटकारे येतात. घाईत थोडं काही लागून राहतं आणि राहू दिलं जातं. त्या दिवशी तिनं वीस मिनिटं घेतली. एक-एक तुकडा त्याच बरणीतल्या फॉर्मलिनमध्ये खळबळून काढला, कुंचल्यानं सगळ्या बाजूंनी पुसला, टिपकागदावर टेकवला, परत पुसला. मुंगीला आंघोळ घालताना कानामागे, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात जसा हात जातो तसा तिचा हात आपोआप जात होता. शेवटी ते तुकडे गुलाबी-पांढरे, चकचकीत, कुणाला दाखवावेत असे झाले. काका मागून येऊन बघून गेले. "सासरी पाठवतेयस का?" म्हणाले. मॅडमनीही दुसऱ्या दिवशी मान डोलावली होती: काप फार सुरेख आलेत. इतक्या सुरेख कापांत बुरशी असणारच नव्हती. ती तिनं आपल्या हातानं पुसली होती, आणि इतर कुणाची नाही, फक्त आपल्या आईची, इतकी नीट.

उरलेला नमुना रिपोर्टनंतर महिनाभर ठेवायचा असा तिथला नियम होता. मागच्या खोलीत मांडण्या होत्या, दप्तरखान्यासारख्याच, छतापर्यंत. फक्त गठ्ठ्यांऐवजी बरण्या. तारखांप्रमाणे त्या उजवीकडून डावीकडे सरकत जात आणि डाव्या टोकाला टाकून द्यायच्या बरण्यांचा निळा डबा होता. ती सावकाश गेली. घाईनं जाण्यात अर्थ नव्हता. बरणी असेल तर आहे, नसेल तर नाही. आईची बरणी शेवटच्या ओळीत, डब्याकडून अकरावी होती. शुक्रवारी गेली असती. वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाशी बोटभर जाड तपकिरी थर बसला होता. तिनं बरणी तिरकी केली. थर हलला नाही. मग एका बाजूनं, नदीकाठची माती सुटावी तसा, हळूच सुटला. तिला हायसं वाटलं. लगेच दुसरं वाटलं: हे कुणालाही कळायचं कारण नाही. बरणीत राहिलेलं आणखी तपासायला लावतात, असं कितीदा होतं. फेरतपासणीच्या चिठ्ठीवर 'उर्वरित भाग' एवढं लिहिलं की पुरतं. ते खोटंही नाही. बुरशी निघेल, मॅडम रिपोर्ट सुधारतील, आईला योग्य उपचार मिळतील, आणि पुसण्याची ती वीस मिनिटं जगात कुठेच राहणार नाहीत. बरणी दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. बाहेर काका कुणाला तरी मिनिटं सांगत होते.

टेबलाशी बसून तिनं चिठ्ठी पुढ्यात ओढली. 'कारण' या शब्दापुढे दीड ओळीची जागा होती. पेन टेकवलं आणि तिला दप्तरखान्यातली एक दुपार आठवली. ती नऊ-दहा वर्षांची असेल. आईनं एक जुनी जन्मनोंदीची वही उघडली होती. पानावर राखाडी बुरशीची साय धरली होती. आईनं कोरड्या फडक्यानं ती पुसली. फार हळू. साय निघाली आणि तिच्याबरोबर शाईही. कुणाच्या तरी जन्माची तारीख गेली. आई त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसली. तिनं आईला सांगितलं होतं, "तू अंदाजानं लिही ना. वरच्या-खालच्या तारखा आहेत की. कोण बघायला येतंय?" आई म्हणाली होती, "ज्याचा जन्म आहे तो येईल." मग आईनं लाल शाईनं समासात शेरा मारला. 'मजकूर साफ करताना माझ्या हातून गेला.' खाली पूर्ण सही, तारीख. त्या सहीवरून साहेबांनी आईला उभं करून बरंच काही सुनावलं, आणि बसमधून घरी जाताना आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात राहिलं होतं ते सुनावणं नव्हे, ती लाल शाई होती. पानावरची एकटीच ओळ, जी वाचता येत होती. तिनं पेन उचललं आणि लिहिलं: 'पहिल्या वेळी चिकट स्राव माझ्याकडून पूर्ण पुसला गेला. तो बरणीच्या तळाशी आहे. बुरशीसाठी चांदीचा रंग करावा.' जागा पुरली नाही म्हणून सही समासात केली.

मॅडमनी चिठ्ठी उभ्यानंच वाचली. "पूर्ण म्हणजे?" "पूर्ण, मॅडम. तुकडे एकदम स्वच्छ केले मी." "आई ना तुझी?" "हो." मॅडम कपाटाकडे गेल्या, आईच्या काचा काढल्या, एक लावून बघितली, बराच वेळ. मग डोळा न काढता म्हणाल्या, "चिठ्ठीवर नुसतं 'वाढलेलं मांस' लिहून आलं होतं. स्कॅनमध्ये बुरशीचा पांढरा ढग असणार, तो मला कुणी सांगितला नाही. मी मागितलाही नाही. काप इतके छान होते, की वाटलं, पेशंट सुटली." मग खुर्ची फिरवून तिच्याकडे बघितलं. "यात मी माझा शेरा कुठे मारू?" हे रागावून होतं की नाही ते तिला कळलं नाही. दाराशी काका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कारण नसताना चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "बावीस वर्षं मी हेच शिकवतोय सगळ्यांना." मग चष्मा चढवून म्हणाले, "थर आज यंत्रात टाक. पातळ कागदात गुंडाळ, नाहीतर विरघळून जाईल. उद्या वडी मी कापतो. तू राहू दे." या वेळी ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी चिखल कापला. पहिले चार काप चुरले, पाचवा निसटला, सहाव्याला काकांनी एक शिवी हासडली आणि तो बसला. चांदीच्या रंगाला तासभर ऊब लागते. काकांनी मिनिटं मोठ्यानं म्हटली नाहीत. ती तोवर बरण्यांवर नावं चिकटवत बसली. तिच्या मनात विशेष काही नव्हतं. मुंगीचे मोजे लहान झाले होते. नळाचा वायसर. आईचा डोळा किती मिलिमीटर. अडीच वाजता मॅडमनी हाक मारली आणि खुर्ची तिला दिली. काचेखाली सगळं फिकं हिरवं होतं, कोवळं, एखाद्या निर्मनुष्य मैदानासारखं. आणि त्यात एका ठिकाणी काळे धागे. फार नाहीत, पाच-सहा. तुटके, फाटे फुटलेले, शाईत बुडवलेल्या काडीनं कुणी घाईघाईत काहीतरी टिपून ठेवावं तसे. चार वर्षं सर्दी, हवा, दाढ, मन, मांस अशी नावं घेत सगळे ज्याच्याभोवती फिरले ते एवढंसं होतं. तिला ते सुंदर वाटलं, आणि असं वाटणं बरं नव्हे हेही वाटलं. "चिखलात आहे," मॅडम मागून म्हणाल्या, "मांसात नाही. मी जुन्या काचांवरही चांदी करून घेतली, पुन्हा सगळ्या बघितल्या. शिरलेली नाही ही फार मोठी गोष्ट आहे. तुझ्या त्या स्वच्छ कापांमुळे ते मी छातीठोक सांगू शकते, एवढं त्यांचं पुण्य. जंतूंच्या गोळ्यांचा उपयोग नाही हिच्यावर. पोकळ्या पुन्हा उघडून सगळं साफ करायला लागेल, मग सूज मारायचं औषध, आणि लक्ष ठेवायचं. डोळ्याचं लवकर करा. मी नाकवाल्यांना आत्ता फोन करते."

घरी आली तेव्हा आई मुंगीला भरवत होती. तिनं चप्पल काढली, हात धुतले आणि टेबलापाशी बसून सगळं सांगितलं. क्रमानं, बरणीपासून बरणीपर्यंत. सांगताना तिला आपला आवाज कामावर वर्णन लिहितानाच्या आवाजासारखा वाटला: आकार, रंग, पोत. आई मुंगीच्या तोंडात घास देत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू माझं नाक पुसलंस." "हो." "नीट?" "फार नीट." "आणि त्यात पाच आठवडे गेले." "हो, आई." आईनं चमचा वाटीत ठेवला. ती रागावेल, किंवा नेहमीसारखं काहीतरी बोलून हसवेल, या दोन्हींची तयारी तिनं बसमध्ये केली होती. आईनं तिसरंच केलं. हात वर नेला आणि त्या डोळ्यावर तळवा ठेवला, अगदी हलका, आतलं काही सांडू नये तसा. "मला दोन-दोन दिसतंय गं," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. तुला सांगितलं नाही. तू दमतेस." "दोन आज्या?" मुंगीनं विचारलं. "नाही रे सोन्या, दोन मुंग्या," आई म्हणाली, "एकीला भरवते तोवर दुसरी पळते." मग तळवा तसाच ठेवून लेकीला म्हणाली, "डोळा राहील ना?" "राहील म्हणतात. लवकर केलं तर." "लिहून दिलंस का तिथे, तुझ्या हातून झालं म्हणून?" "दिलं. सहीसकट." आईनं मान हलवली. पण बराच वेळ ती लेकीकडे न बघता मुंगीच्या वाटीकडे बघत राहिली. बरं वाटणं आणि माफ करणं या वेगळ्या गोष्टी असाव्यात, त्या एकदम येतीलच असं नाही, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं उठून पाण्याचा ग्लास भरला आणि आईच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला ठेवला.

तीन दिवसांनी ऑपरेशन ठरलं. सकाळी तिनंच आईला वर नेलं. त्या हिरव्या कपड्यांत आई लहान दिसत होती, शाळेत घातलेल्या मुलीसारखी. उशीवर डोकं ठेवल्यावर तिचे केस दोन्ही बाजूंना नीट विंचरल्यासारखे पडले होते. लहानपणी आई तिच्या फ्रॉकला पिनेनं रुमाल लावून द्यायची. तो वर्गात कुणाला दिसू नये म्हणून ती दप्तर छातीशी धरून चालायची. ट्रॉली दाराशी थांबली. आईच्या मुठीत घडीचा रुमाल होता. आतल्या नर्सनं "आजी, तो बाहेर द्या" म्हटल्यावर तो तिनं मुलीच्या हातात दिला. दोन्ही डोळ्यांतला फरक आता आरशाशिवायही दिसत होता. आईनं तिला वाकायची खूण केली. "ऐक. तुझ्याकडेच येईल ना ते?" "येईल. काका करतील म्हणतायत, पण." "तूच कर." आईनं तोंडानं एक श्वास घेतला. "आणि कितीही घाण असू दे. लाजू नकोस. माझीच आहे." दार लोटलं गेलं.

दुपारी बरण्या खाली आल्या. या वेळी दोन होत्या, मॅडमनी सांगून ठेवल्याप्रमाणे: एक फॉर्मलिनची, आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याची, बुरशी वाढवून तिची जात ओळखण्यासाठी. कागदावर नाकाच्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'डोळ्याकडचं हाड पातळ, शाबूत. सर्व स्राव पाठवला आहे.' ती ते वाक्य दोनदा वाचून मग पुढे गेली. काका शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी नुसतं बघितलं आणि आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. तिनं आधी मिठाच्या पाण्याची बरणी वाढवणीच्या खोलीत पाठवली. मग दुसरीचं झाकण उघडलं. आत पुष्कळ होतं. गेल्या खेपेहून जास्त. तपकिरी, हिरवट, मध्ये काळपट, आणि त्यात अडकलेले मांसाचे दोन-चार तुकडे. तिनं कुंचला उचलला. उचलला गेला, असं म्हणायला हवं. डाव्या हाताला, कोटाच्या खिशात, आईच्या रुमालाची घडी लागत होती. कुंचला तिनं परत कपात उभा केला आणि वही ओढली. रंग. पोत: ओल्या शाडूसारखा. एकूण माप. मग सगळं, जसं होतं तसं, चमच्यानं काढून पातळ कागदात गुंडाळलं, आणि वर्णनाखाली एक ओळ लिहिली, जी तिथे कुणी कधी लिहीत नसे: काही पुसलेलं नाही.